उताराला आम्ही, पेट्रोल बी उतारालाच



पाणी उताराला जातं हे शाळेत शिकवतात. उताराला आपली वस्ती कुणी बसवली, हे शिकवत नाहीत. गावाचं सांडपाणी उताराला. गावाची मेलेली ढोरं उताराला. आता पेट्रोलची भर.

पाटण तालुक्यातल्या आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला रस्ता, रस्त्याकडंला पंप, पंपाच्या पोटात टाक्या आणि खाली आमचा आड. दोन पावसाळं झालं, पाण्याला रॉकेलसारखा वास मारतोय. आम्ही बोंब ठोकली. साहेब आले, बाटली भरून नेली, "जंतू नाहीत" म्हणाले, आडात टीसीएल पावडर टाकून गेले.

अरं, जंतूंची तक्रार केली कुणी?

जंतूंच्या तपासणीत बेंझिन दिसत नाही. टीसीएलनं ते जात नाही. पाणी उकळावं, तर वाफेबरोबर चुलीपाशी बसलेल्या आईच्या छातीत शिरतं. बेंझिन म्हणजे रक्ताचा कॅन्सर करणारं विष. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागं ०.०१ मिलिग्रॅम. आपल्या पेट्रोलात मुभा १ टक्क्यापर्यंत. मांडा हिशेब! एका लिटर पेट्रोलातलं सगळं बेंझिन पाण्यात उतरलं, तर ८ लाख लिटर पाणी मर्यादेबाहेर जातं. आमची अख्खी वस्ती ८ लाख लिटर प्यायला किती वर्षं घेईल?

पंपावर रोज टाकीचं माप घेतात, विकलेल्या लिटरांशी ताळा करतात. ताळा बसला नाही की "उडून गेलं" म्हणायची सोय. उडालं की झिरपलं, ते कागद सांगतील. ते कागद वस्तीपुढं ठेवा! गळत नसेल तर भ्या कशाचं?

आमच्या पायाखालचा काळा दगड अभंग नाही. त्याला भेगा हायेत. त्यात ही कोयनेची जमीन. ११ डिसेंबर १९६७ ला हिनं कोयनानगर पाडलं, आणि अजून ती धक्के देते. अशा भुईत पुरलेल्या नळांचे सांधे कोण तपासतो? पेट्रोल मातीत मुरतं, भेगांतून पळतं, पाण्यावर तरंगतं आणि बेंझिन पाण्यात सोडून देतं. आता तर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. मातीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात, बेंझिन मागं राहतं आणि आणखी लांब जातं. ऊस त्यांचा, कारखाना त्यांचा, इथेनॉलचा पैसा त्यांचा. विष तेवढं आमचं!

कायदा काय म्हणतो? जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं सांगितलं, नवा पंप शाळा, दवाखाना, रहिवासी भाग यांच्यापासून ५० मीटर लांब हवा. रहिवासी भाग कुठला? स्थानिक कायद्यानं रहिवासी ठरवलेला! म्हणजे ज्याची वस्ती कागदावर न्हाई, त्याला मीटर बी न्हाई. गायरानावर किती पिढ्या जगलं म्हंजे माणूस रहिवासी होतो?

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांचे नियम काढले. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, घाण करणाऱ्यानं सफाईचा खर्च भरायचा. ऐकायला गोड! तेव्हा देशभरात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू होतं फक्त ७ ठिकाणी.

सफाई म्हणजे फरशी धुणं नव्हे. गळती शोधा, टाकी रिकामी करा. पंप ते आड तपासणीच्या बोअर घ्या. पाण्यावरचं पेट्रोल उपसा. मातीतली वाफ ओढून गाळून काढा. खणलेली माती रीतसर विल्हेवाटीला न्या, आमच्या ओढ्यात टाकाल तर याद राखा. मग वर्षानुवर्षं पाणी तपासा.

आणि ती माती खणणार कोण? ठेकेदार आमच्याच वस्तीत येईल. आमचीच पोरं, तोंडाला रुमाल, रोजंदारीवर. गटारात, सेप्टिक टँकमध्ये बिगर सुरक्षेचा माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी, तरी माणसं मरतात. घाण त्यांनी करायची, निस्तरायची आम्ही, हे बलुतं आम्ही जाळलंय. खणायचं तर पुऱ्या साधनानं, पुऱ्या पगारानं, विम्यासकट.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, ते नुसत्या तहानेपायी नव्हे. माणूस म्हणून हक्क सांगायला प्याले. पाणी नासवणं हा त्याच हक्कावरचा दरोडा आहे. चार दिवस टँकर पाठवून तो झाकता येणार नाही.

आमचं मागणं साधं हाय. आडाचं पाणी बेंझिनसाठी तपासा. अहवाल मराठीत वस्तीच्या चौकात लावा. ही जागा जिल्ह्याच्या संशयित यादीत घाला. खर्च घाण करणाऱ्याकडून वसूल करा.

न्हाईतर आम्ही त्याच आडाचा पोहरा भरून पाटणच्या तहसील कचेरीत टेबलावर ठेवू. साहेब, जंतू न्हाईत. प्या!

जय भीम!