लांडगा लिहिणारा लेखक कुठे गेला?

रविवारच्या पुरवणीतील ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) या चित्रपटावरील लेख वाचून संताप आला. पानभर मजकुरात रंगभूषाकार जॅक पिअर्स आले, लॉन चेनी ज्युनिअर आले, धुकेसुद्धा आले. पण ज्यांनी ही गोष्ट लिहिली त्या कर्ट सिओडमॅक यांचे नाव एकदाही नाही. वर ‘आज हास्यास्पद वाटणारा मेकअपपट’ असा शेरा मारून लेखक मोकळे!

चित्रपटात उणिवा आहेतच. नायक लॅरीला (चेनी) चावणारा बेला पूर्ण चार पायांचा लांडगा होतो, लॅरी मात्र दोन पायांवर हिंडतो. बनियनवर बसलेला लॅरी लांडगा होताच गडद शर्टात दिसतो. वडील झालेल्या लहानखुऱ्या क्लॉड रेन्स यांचा हा धिप्पाड अमेरिकी मुलगा पटत नाही. प्रेमकथा तर अर्ध्यावरच सोडून दिली आहे.

पण ती चांदीच्या मुठीची काठी पाहा. लॅरी ती दुकानातून सहज विकत घेतो, तिनेच पहिल्या लांडग्याला मारतो आणि शेवटी हट्टाने वडिलांच्या हाती देतो. धुक्यात वडील तिनेच समोरच्या लांडग्याला ठार करतात. मग केस विरतात आणि पोटच्या पोराचा चेहरा उघडा पडतो. हे मेकअपने साधत नाही, लिहावे लागते.

सिओडमॅक हे नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेले ज्यू लेखक. पुढच्या बळीच्या तळहातावर लांडगामानवाला पाच टोकांचा तारा दिसतो, ही त्यांच्या पटकथेतली गोष्ट. चित्रपट आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली. एवढे ठाऊक असते, तर ‘हास्यास्पद’ हा शब्द लेखणीतून उतरला नसता. चित्रपटातील, जुनी लोककविता समजून सांगितल्या जाणाऱ्या, लांडगामानवावरील ओळीही सिओडमॅक यांच्याच.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? मराठी चित्रपटाच्या परीक्षणात नायिकेच्या साडीला जागा मिळते, पटकथाकाराला मिळत नाही. वाहिन्यांवर चित्रपट संपताच श्रेयनामावली कापून जाहिरात सुरू होते. लेखकच नको असेल, तर चांगल्या गोष्टी नाहीत म्हणून गळा काढू नये.

संपादक महोदय, पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापावी : ‘द वुल्फ मॅन’, पटकथा – कर्ट सिओडमॅक. आणि यापुढे प्रत्येक परीक्षणात दिग्दर्शकाशेजारी लेखकाचे नाव असलेच पाहिजे.

– एक वाचक, सातारा