परतीच्या वाटेचा हिशेब

नॉर्वेचे रोआल्ड अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले आणि ब्रिटिश नौदलातील रॉबर्ट स्कॉट 17 जानेवारी 1912 रोजी. मात्र पहिले पथक सुखरूप परतले आणि दुसऱ्यातील पाचही जण वाटेत दगावले, याची मीमांसा बहुधा कुत्र्यांच्या गाड्या सरस की तट्टे, एवढ्यावरच येऊन थांबते. वाहनांची निवड महत्त्वाची होतीच, परंतु चूक झाली तरी माणसे जगावीत इतकी शिल्लक कोणी राखली होती, हा त्याहून मूलगामी प्रश्न आहे.

ही शिल्लक डेपोंमध्ये, म्हणजे परतीसाठी वाटेत बर्फात ठेवलेल्या अन्न-इंधनाच्या साठ्यांमध्ये, मोजता येते. अमुंडसेन यांनी 80, 81 आणि 82 अंश अक्षांशांवर मिळून सुमारे तीन टन माल ठेवला, आणि धुक्यात वाट चुकली तरी साठा हुकू नये म्हणून 80 अंशांवरील डेपोच्या पूर्वेला व पश्चिमेला, प्रवासाच्या दिशेला आडवी, 10-10 झेंड्यांची रांग रोवली. झेंड्यांवर क्रमांक असल्यामुळे साठा कोणत्या बाजूला आणि किती दूर आहे, हे लगेच उमगे. त्यांच्या रॉकेलच्या डब्यांना डाख दिलेला होता, तर स्कॉट यांच्या डब्यांच्या बुचांतील चामड्याचे वायसर थंडीत निकामी होऊन इंधन उडून गेले, आणि ध्रुवप्रदेशात इंधन नाही म्हणजे बर्फ वितळवून पाणीही मिळत नाही. त्यातच चौघांच्या मापाने बांधलेल्या शिध्यावर स्कॉट यांनी ऐन वेळी पाचवा माणूस घेतला.

स्कॉट यांची बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. मार्च 1912 मधील थंडी नेहमीपेक्षा कितीतरी तीव्र होती, असे सुझन सॉलोमन या वातावरणशास्त्रज्ञ विदुषींनी हवामान नोंदींच्या आधारे दाखवले आहे. तथापि ‘वन टन’ हा मुख्य डेपो 80 अंशांवर उभारण्याचे ठरलेले असताना तट्टे थकल्यामुळे तो 79 अंश 29 मिनिटांवर, म्हणजे सुमारे 57 किलोमीटर अलीकडेच उभारला गेला. तट्टांचा बळी देऊन पुढे जावे, हा पथकातील लॉरेन्स ओट्स यांचा सल्ला स्कॉट यांनी मानला नाही. अखेरचा तंबू या डेपोपासून सुमारे 20 किलोमीटरवर सापडला, म्हणजेच ठरल्या जागी साठा असता तर तो त्यांना आधीच लागला असता.

त्या तंबूपाशी सुमारे 16 किलो दगडही होते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचे जीवाश्म निघाले. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही तेच आढळतात, आणि दक्षिणेकडील भूखंड एकेकाळी जोडलेले होते, या मताला त्यांनी बळ दिले. मरणाच्या दारातही हे ओझे न टाकणाऱ्या त्या माणसांविषयी आदरच वाटतो. परंतु ध्रुव गाठण्याबरोबरच संशोधनाचीही जबाबदारी घेतलेल्या पथकाला प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक शिल्लक हवी होती. ती कमी ठेवली गेली, आणि हा दोष हवामानाच्या आधी नेतृत्वाकडे जातो.