कार्निटिन : वाहक आहे, अग्नी नव्हे

व्यायामशाळांतून आणि औषधी दुकानांतून एल-कार्निटिन आज 'चरबी जाळणारे द्रव्य' म्हणून सर्रास विकले जाते. मेदोरोगाचा रुग्ण त्याविषयी वैद्यास विचारतो, तेव्हा त्यास 'मेदोधात्वग्निवर्धक' म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. हे बिरूद कसोटीस उतरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कार्निटिन १९०५ साली मांसरसातून विलग करण्यात आले. मांसवाचक लॅटिन शब्दावरूनच त्याचे नाव पडले. आपले शरीर ते लायसिन व मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून, मुख्यतः यकृत व वृक्क यांत, स्वतः घडविते. शरीरातील साठ्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग कंकालस्नायू व हृद्स्नायूंत असतो. निरोगी शाकाहारी मनुष्यासही त्याची उणीव सहसा भासत नाही, ती याचमुळे.

लांब साखळीची मेदाम्ले तंतुकणिकेचे आतील आवरण स्वबळावर ओलांडू शकत नाहीत. बाह्य आवरणावरील सीपीटी-१ हे विकर त्यांना कार्निटिनशी जोडते. ही जोडी आत जाते, तेथे सीपीटी-२ हे विकर मेदाम्ल मोकळे करते आणि कार्निटिन पुढील फेरीसाठी परत येते. मेदाम्लाचे ज्वलन त्यानंतर आत होते. कार्निटिन स्वतः जळत नाही आणि जाळतही नाही. ते केवळ इंधन वाहते. भट्टीचे दार बंद असताना हमाल दुप्पट केले, म्हणून लाकूड आत जात नाही.

हे दार बंद कोण करते? भरपेट पिष्टमय आहारानंतर इन्सुलिन वाढते, पेशीत मॅलोनिल-कोए अधिक तयार होते आणि ते सीपीटी-१ ला रोखते. लंघनात व व्यायामात हा अडसर सैल होतो. म्हणजे दाराची किल्ली आहारविहाराकडे आहे. चरकसंहितेच्या अष्टौनिन्दितीय अध्यायात स्थौल्याची कारणे म्हणून गुरु-मधुर-स्निग्ध आहार, अव्यायाम आणि दिवास्वप्न सांगितले आहेत, हे आपण जाणतोच. त्याच अध्यायानुसार अतिस्थूल रुग्णाचा जाठराग्नी मंद नसून प्रदीप्त असतो. मग सरसकट 'अग्निवर्धन' हा त्यावरचा उपाय कसा ठरेल? दोन्ही शास्त्रांचे समीकरण मांडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु निदानपरिवर्जनाला येथे पर्याय नाही, एवढे दोहोंतूनही निष्पन्न होते.

कार्निटिन अगदीच निष्फळ आहे, असेही नव्हे. ९ चिकित्सा-प्रयोगांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात ते घेणाऱ्या प्रौढांचे वजन इतरांपेक्षा सरासरी १.३३ किलो अधिक घटलेले आढळले. डब्यावरील आश्वासनांपुढे हा लाभ किती अल्प आहे, हे रुग्णास सांगणे आपले कर्तव्य आहे. गोळ्या-चूर्णांतील मोठ्या मात्रेपैकी सुमारे पाचवा हिस्साही शोषला जात नाही. उरलेल्यावर आतड्यातील जिवाणू काम करतात व त्यातून यकृतात टीएमएओ हे द्रव्य बनते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात उंदरांमध्ये त्याचा धमनीकाठिण्याशी संबंध दिसला. मानवाबाबत अंतिम निर्णय झालेला नसला, तरी हृद्रोग्याच्या बाबतीत सावधपणा हवाच.

खरी गरज आहे ती निराळ्या रुग्णांना. जन्मजात कार्निटिन-न्यूनतेत वृक्क ते राखू शकत नाहीत. बालकाची रक्तशर्करा घसरते, हृद्स्नायू दुर्बल होतात. तेथे कार्निटिन प्राणरक्षक ठरते. डायलिसिसवरील तसेच अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या काही रुग्णांतही न्यूनता उद्भवते. असा रुग्ण आपल्याकडे दौर्बल्याची तक्रार घेऊन आल्यास केवळ रसायन-बल्य योग देऊन न थांबता त्यास तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनसारखी औषधे, थायरॉइडची औषधे किंवा आकडीचा इतिहास असलेल्या ग्राहकास चिकित्सकाच्या सल्ल्याविना हे द्रव्य देऊ नये. आयुर्वेदीय पेटंट औषधात कायद्याने मान्य केलेल्या ग्रंथांतील योगांत आलेलीच घटकद्रव्ये चालतात. त्यामुळे गुग्गुळाच्या जोडीला कृत्रिम कार्निटिन घालून त्यास 'आयुर्वेदिक' म्हणता येत नाही. तसेच स्थौल्य बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध आहे.

नव्या द्रव्याचा अभ्यास करण्यास आमचा विरोध नाही; तो अवश्य व्हावा. परंतु आपल्या परिभाषेतील 'अग्नी' हा शब्द बाजारातील डब्यावर चिकटविण्यासाठी नाही. तो आपणच स्वस्त केला, तर रुग्णाने आपल्या शब्दावर विश्वास का ठेवावा?