पोट्टं पारखायचं कसं?

आयपीएल ऑक्शनच्या दिवशी ऑफिसात मनापासून काम करणारा माणूस मला अजून भेटायचाय. एका विंडोत एक्सेल, दुसऱ्या विंडोत लिलाव. मोठी नावं येतात, आकडे उडतात, सगळे ‘अरे बापरे’ म्हणतात आणि चहाला उठतात. मग एखादं अनोळखी नाव पुकारलं जातं. बेस प्राइस जेमतेम काही लाख. एक पॅडल वर, दुसरं वर, पुन्हा पहिलं... बघता बघता आकडा कोटींत जातो आणि अख्खा फ्लोअर एका सुरात विचारतो, ‘हा कोण बुवा?’

१९ डिसेंबर २०२३ ला दुबईतल्या ऑक्शनमध्ये शुभम दुबेच्या नावावर हेच झालं. बेस प्राइस २० लाख, राजस्थान रॉयल्सने मोजले ५ कोटी ८० लाख. लेफ्टी बॅट्समन, टीम विदर्भ, जन्मगाव यवतमाळ. आता मीही यवतमाळची. आमच्या जिल्ह्याचं नाव एरवी टीव्हीवर येतं ते कापसाच्या भावासाठी, नाहीतर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. त्यामुळे त्या दिवशी गाववाल्यांच्या फोनवर नुसता दंगा होता. ‘आपलं पोट्टं!’ (पोट्टं म्हणजे पोरगं. पुणेकरांनी घाबरू नये, आमच्याकडे हा प्रेमाचा शब्द आहे.)

अभिमान वगैरे झाला. पण मला पडलेला प्रश्न जरा वेगळा होता. ज्यांनी एवढे पैसे मोजले, त्यांनी नेमकं बघितलं काय?

आकडेवारी सोपी आहे. ऑक्शनच्या दीडेक महिना आधी सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी संपली होती. टी२० ची ही आपली देशांतर्गत स्पर्धा. शुभमने तिथे सात मॅचेसमध्ये दोनशेवर धावा केल्या होत्या, स्ट्राइक रेट १८७ च्या घरात. बंगालविरुद्ध २१३ चं टार्गेट होतं, तेव्हा २० बॉलमध्ये नाबाद ५८. अ‍ॅव्हरेज सत्तरच्या वर!

इथेच थांबा. सत्तरचं अ‍ॅव्हरेज बघून ज्याने पॅडल उचललं, त्याने फसवून घेतलं असं समजा. शेवटच्या चार-पाच ओव्हर्समध्ये येणारा फिनिशर बऱ्याचदा नॉटआऊट राहतो आणि नॉटआऊटमुळे अ‍ॅव्हरेज फुगतं. खरी गोष्ट त्या वीस बॉलमध्ये आहे. समोर बंगालसारखी तगडी टीम, डोक्यावर २१३ चा डोंगर, आणि हा आल्या आल्या मारायला लागतो. सेट व्हायला दहा बॉल मागत नाही. टी२० मध्ये ही ‘दहा बॉल न मागण्याची’ कला फार महाग आहे. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला आणि ती आणखी महाग झाली.

आमच्याकडे बैलबाजारात जा. कसलेला शेतकरी आधी बैलाचे दात बघतो, मग खांदा बघतो, चार पावलं चालवून बघतो. पण त्यातही जो शहाणा असतो तो म्हणतो, ‘भाऊ, जरा वखराला जुंपून दाखवा.’ दातांवरून वय कळतं, खांद्यावरून ताकद कळते. पण काळ्या मातीत वखर अडला की बैल काय करतो, ते फक्त वखराला जुंपल्यावरच कळतं. (माणसांची तुलना बैलांशी केली म्हणून रागावू नका. माणसांचा लिलाव करायची आयडिया माझी नाहीये!)

दात बघण्यात अमेरिकेचा हात कोणी धरणार नाही. तिकडे ‘फुटबॉल’ म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लांबुळका बॉल, हेल्मेट, धक्काबुक्की. त्यात वाइड रिसीव्हर नावाचा एक गडी असतो. मैदानाच्या कडेने सुसाट पळत जायचं आणि लांबून फेकलेला बॉल झेलायचा, हे त्याचं काम. कॉलेजातल्या अशा पोरांना व्यावसायिक टीम्स दरवर्षी ‘ड्राफ्ट’मध्ये उचलतात. तिथे बोली नसते, पाळी असते. साधारणपणे आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या टीमची पाळी पहिली. त्याआधी इंडियानापोलिसला सगळ्यांची मोजमापं होतात. उंची, उडी, हाताची लांबी आणि ४० यार्डांची धाव. म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर.

२०१७ साली जॉन रॉस नावाच्या पोराने ही धाव ४.२२ सेकंदांत मारली. तेव्हाचा विक्रम! सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या नंबरवर उचललं. त्याच वर्षी ईस्टर्न वॉशिंग्टन या छोट्या युनिव्हर्सिटीतला कूपर कप ४.६२ सेकंदांत पळाला. वाइड रिसीव्हरच्या मानाने रेंगाळतच! त्याचा नंबर लागला थेट ६९ वा, लॉस एंजलिस रॅम्सकडून. पुढे काय झालं? रॉस दुखापतींत अडकला आणि २०२० च्या मोसमानंतर बेंगल्सकडून बाहेर पडला. आणि फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये कप मॅन ऑफ द मॅच ठरला. समोरची टीम कोणती? बेंगल्स!

घड्याळाने सरळ रेषेतलं पळणं मोजलं. वळणावर बचाव करणाऱ्याला चकवणं, पास नेमका कुठे पडणार ते आधी ओळखणं, हे घड्याळात मावत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठरलं तर मग, मोजमापं फेका आणि मॅच बघा. थांबा, तेही इतकं सोपं नाही. त्यासाठी आमच्याच जिल्ह्यातला दुसरा गडी सांगते.

अक्षय कर्णेवार, गाव पांढरकवडा. हायवेवरचं छोटं गाव, नागपूरहून हैदराबादला गाडीने गेला असाल तर लागलं असेल. हा भिडू दोन्ही हातांनी स्पिन टाकतो. खोटं नाही! २०१७ ला चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने दोन्ही हातांनी बॉलिंग केली. बॅट्समन राइटी असो की लेफ्टी, बॉल त्याच्यापासून बाहेर वळणार. कोणत्याही कॅप्टनचं स्वप्न.

८ नोव्हेंबर २०२१ ला मुश्ताक अलीमध्ये मणिपूरविरुद्ध त्याचा स्पेल होता ४-४-०-२. चार ओव्हर, चारही मेडन, शून्य धावा, दोन विकेट्स. टी२० मध्ये चार ओव्हर्सचा पूर्ण कोटा एकही रन न देता टाकणारा जगातला पहिला बॉलर! दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध हॅटट्रिक. २०१९ चा फेब्रुवारी तर विचारूच नका. रणजी फायनलमध्ये नाबाद ७३ आणि त्याच महिन्यात इराणी कपमध्ये शेष भारताविरुद्ध १०२.

आणि आयपीएल? एकही मॅच नाही.

अन्याय? अर्धा. त्या दिवशी विदर्भाने २२२ केल्या होत्या आणि मणिपूरची टीम ५५ मध्ये आटोपली. मणिपूर २०१८ मध्येच देशांतर्गत क्रिकेटमध्ये आलेली नवी टीम. स्काउट लोक असा आकडा बघतात, टाळ्या वाजवतात आणि निम्मा करून वहीत लिहितात. समोर कोण होतं, हा पहिला प्रश्न. आणि नाबाद ७३ न् १०२ या लांब पल्ल्याच्या क्रिकेटमधल्या, त्या टी२० च्या वहीत येतच नाहीत. इथपर्यंत ठीक आहे. पण याच मॅचमध्ये विदर्भाकडून नाबाद ७१ केल्या होत्या अमरावतीच्या जितेश शर्माने. विरोधी टीम तीच. तीनच महिन्यांनी झालेल्या ऑक्शनमध्ये जितेशला पंजाबने २० लाखांत घेतलं. त्याआधी २०१६ मध्ये मुंबईने त्याला १० लाखांत घेतलं होतं आणि एकही मॅच खेळवलं नव्हतं. आणि पुढे? बेंगळुरूने ११ कोटींत घेतलं. मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ ठोकून त्याने २२८ चं टार्गेट पार करून दिलं. बेंगळुरू त्या वर्षी चॅम्पियन झालं.

म्हणजे गुणवत्तेइतकीच ‘व्हेकन्सी’ लागते बॉस! खाली येऊन मारणारा विकेटकीपर सगळ्यांना हवा असतो. स्पिनर प्रत्येकाकडे दोन-तीन असतातच. तुमच्या एचआरला विचारा, तेही हेच सांगतील. फक्त जरा गोड इंग्रजीत.

शुभमचंच पुढे बघा. २०२४ चा मोसम. त्याला मोजक्याच मॅचेस मिळाल्या, फारसं काही घडलं नाही. नोव्हेंबर २०२४ ला जेद्दाहमध्ये मेगा ऑक्शन झालं. राजस्थाननेच त्याला परत घेतलं. किती? ८० लाख! टीम तीच, माणूस तोच, हात तेच. मध्ये फक्त अकरा महिने. २०२३ ला ऑक्शन छोटं होतं, देशी फिनिशर मोजके होते. मेगा ऑक्शनमध्ये अख्खा बाजार भरला होता. कापसाचा भाव ठरतो तसाच माणसाचा ठरला. आवक किती आणि घेणारा किती अडलाय, यावर.

आता ४ मे २०२५. ईडन गार्डन्स, समोर कोलकाता. राजस्थानला शेवटच्या ओव्हरमध्ये २२ हव्या होत्या. शुभमने वैभव अरोराला लागोपाठ सिक्स, फोर, सिक्स मारले. शेवटच्या बॉलवर तीन हव्या होत्या. एक झाली, दुसरी घेताना जोफ्रा आर्चर रनआऊट. मॅच एका रनने गेली. स्कोअरकार्डवर काय उरलं? दुबे नाबाद २५, चेंडू १४, टीम पराभूत. कोणत्याही टॉप टेन यादीत हे येणार नाही. पण मी स्काउट असते तर तेवढीच ओव्हर कापून ठेवली असती. वखर अडल्यावर बैल काय करतो, ते त्यात दिसतं.

मला टोचतं ते पुढचं. शुभमवर बोली लागली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. वडिलांची नागपुरात पानटपरी. एका वकिलांनी त्याला क्लबात घेतलं, बॅट-पॅड दिलं, पुढची दारं उघडली. तो नागपुरात होता म्हणून हे घडलं. यवतमाळ ते नागपूर दीडशे किलोमीटर. ट्रायलला जायचं तर पहाटेची एसटी, सोबत किटबॅग, आणि नेटमध्ये वाट्याला मोजके बॉल. आमच्याकडे पंचविशी उलटली की शेजारच्या काकूसुद्धा विचारतात, ‘नोकरीचं काय रे बाप्पा?’ २९ पर्यंत वाट बघायची सोय किती घरांत असते? जे दिसलेच नाहीत त्यांचं अ‍ॅव्हरेज कोण काढणार?

थोडं बदलतंय, हेही खरं. राजस्थान रॉयल्सचं सराव केंद्र नागपूरजवळच्या तळेगावात आहे. वैभव सूर्यवंशी बिहारचा, पण त्याची ट्रायल झाली नागपुरात. जून २०२५ मध्ये जामठ्याला विदर्भ प्रो टी२० लीग झाली. जितक्या जास्त मॅचेस, तितकी जास्त वखरं. वेळापत्रकाकडेही कुणीतरी बघावं मात्र. २०२४ ला मुश्ताक अली सुरू झाली २३ नोव्हेंबरला आणि ऑक्शन २४-२५ नोव्हेंबरला. पेपर सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी निकाल!

तर पुढच्या ऑक्शनला विंडो उघडण्याआधी ही छोटी चेकलिस्ट डेस्कवर चिकटवा.

१. समोर कोण होतं? मणिपूर की बंगाल?

२. आला तेव्हा किती बॉल उरले होते, आणि पहिल्या पाच बॉलमध्ये काय केलं?

३. एक बॉल चुकल्यावर पुढचा कसा खेळला? चिडून, की बघून?

४. हेच दुसऱ्या मोसमात, दुसऱ्या पिचवर केलंय का?

५. भाव बघताय की माणूस? भाव हा घेणाऱ्याच्या गरजेचा आकडा असतो.

पाचवा मुद्दा अप्रेझलच्या महिन्यात पुन्हा वाचायला हरकत नाही. लेटरवर यंदा ५ कोटी ८० असो की ८० लाख, शेवटच्या ओव्हरला बॅट तुमच्याच हातात असते. आणि ‘हा कोण बुवा?’ विचारायचंच असेल, तर विचारून थांबू नका. पाच मिनिटं काढून शोधा. उत्तर बहुतेक वेळा पांढरकवड्यासारख्या एखाद्या स्टॉपवर एसटीची वाट बघत उभं असतं.