कपबशीचा वारसा कुणाचा?

६ डिसेंबरला वैरागहून चैत्यभूमीला जाणाऱ्या तरुणांनी काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही बघावं. सर रतन आणि सर दोराब टाटांच्या संग्रहातली चिनी मातीची भांडी तिथे जपलेली आहेत.

अशी भांडी मुंबईच्या श्रीमंत घरांत मुख्यतः चीनच्या व्यापारातून आली. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, परतीच्या जहाजांत चहा, रेशीम, चिनी माती. या व्यापारातलं मोठं नाव जमशेटजी जीजीभॉय. १८४२ साली ते ‘सर’ झाले. त्यांचं दानधर्म मोठं, हे मान्य. पण भांड्याला घराण्याचं नाव लागलं की किंमत चढते, त्याला वारसा म्हणतात. अफूचं नाव मात्र कुणी लावत नाही.

आणि आपली कपबशी? चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावं, असा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हुकूम आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली गेली. तरी खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांबाहेर आपल्यासाठी कान तुटलेला वेगळा कप राहिलाच. पिणाऱ्यानेच तो विसळून ठेवायचा. ही पण चिनी मातीच की!

“जुनं उकरून काय मिळणार?” असं आपल्यालाच विचारतात. संग्रहालयाच्या काचेच्या कपाटाला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

वैराग-बार्शी भागातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कुठलं हॉटेल, कुठल्या सालापर्यंत, कप कुठे ठेवायचे, सगळं लिहून घ्या. एखादा कप सापडलाच तर बुद्धविहारात मांडा. खाली हॉटेलवाल्याच्या घराण्याचं नावही लिहा.