परंड्याचा काळा दगड

गतवर्षीं आमचा एक माजी विद्यार्थी विहिरीच्या खोदकामांत निघालेला काळा दगड घेऊन आमच्याकडे आला. दगडाच्या पोकळींत पांढरे स्फटिक चमकत होते. "गुरुजी, हे आंत कसे शिरले?" असें त्यानें विचारलें. ज्यास आम्हीं मंदबुद्धि ठरविलें, व आमच्या शब्दावरून ज्याच्या वडिलांनीं त्यास शाळेंतून काढून शेतावर नेलें, तोच हा मुलगा!

परंड्याच्या काळ्या जमिनीखालचा कातळ एके काळीं वाहता अग्निरस होता. सुमारें 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीं अशा रसाचे थर एकावर एक पसरून दख्खनचें पठार बनलें. रस जेथें एकाएकीं थिजला, तेथें त्यांतील अणूंस शिस्तीनें बसण्यास अवसर मिळाला नाहीं. त्याची काच झाली. जेथें तो सावकाश निवाला, तेथें अणूंनीं रांगा धरल्या व स्फटिक बनले. स्कॉटलंडांत सर जेम्स हॉल यांनीं असाच दगड वितळवून हें प्रत्यक्ष दाखविलें आणि 1798 सालीं तें विद्वानांपुढें मांडलें.

परंतु काचही चिरकाल काच राहत नाहीं. उष्णता व पाणी यांच्या साहाय्यानें तिच्यांतील अणूही हळूहळू रांगा धरतात. म्हणूनच अतिप्राचीन ज्वालामुखी काच जगांत क्वचितच आढळते. आपल्या कातळांतील पुष्कळ काच पाण्यानें केव्हांच पालटली. कांहींची माती झाली; तिच्यांतून व इतर खनिजांतून विरघळलेलीं द्रव्यें पोकळ्यांत सांठून झिओलाइटाचे स्फटिक झाले. पुणें, नाशिक व जळगांव या भागांतील असे स्फटिक जगांतील संग्रहालयांत मानानें मांडलेले आहेत.

हें उत्तर त्या मुलास देतांना आम्हांस लाज वाटली. एका परीक्षेवरून मुलाची पारख करणें म्हणजे नुकत्याच थिजलेल्या रसाकडे पाहून दगडाचा निकाल देणें होय. मात्र नुसत्या कालावर भिस्त ठेवूनही भागणार नाहीं. काचेस ऊब व पाणी लागतें, तशी मुलास आस्थेची शिकवणी लागते. शिक्षकांनीं ती द्यावी, आणि पालकांनीं, आमच्यासारखा गुरुजी कांहींही म्हणो, एका अपयशावरून मुलास अथवा मुलीस शाळेंतून काढूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.