परक्यांचा जयघोष, घरचे मैदान ओस



रेल्वे कॉलनीतली आमची मुले रात्र जागून मँचेस्टर युनायटेडचा सामना पाहतात. त्यांच्यावर आमचा राग नाही. राग आहे तो आम्हा थोरांवर. आपल्याच शॉपचा, आपल्याच पोस्टाचा संघ मैदानात उतरतो तेव्हा टाळी वाजवायला आम्ही तरी कुठे जातो?

तो बडा संघ मुळात कोणाचा? १८७८ साली न्यूटन हीथच्या कॅरेज-वॅगन शॉपमधल्या रेल्वे कामगारांनी तो उभा केला! २००५ मध्ये ग्लेझर या अमेरिकन भांडवलदाराने तो कर्ज काढून घेतला आणि बरेचसे कर्ज क्लबच्याच माथी मारले. चिडलेल्या प्रेक्षकांनी त्याच वर्षी स्वतःचा वेगळा क्लब काढला. घरचे लोक उठून गेले. मालकाचा जयजयकार मात्र आम्ही इथून करतो.

आपला इतिहास काय लहान आहे? १९५८ ची कलकत्ता लीग ईस्टर्न रेल्वेने जिंकली, पी. के. बॅनर्जी त्याच संघातले. संतोष ट्रॉफी रेल्वेने तीनदा आणली.

मैदान ओस दिसले की त्यावर डोळा ठेवणारे पुष्कळ असतात. म्हणून येत्या सामन्याला या, मुलांनाही आणा. आपला संघ आपणच राखला पाहिजे!